सहावा खांब

हॅलरबी स्टेशनच्या छताला चौदा खांब.
बिडाचे, आतून पोकळ;
छपरावरचं पाणी त्यांच्या पोटातूनच खाली उतरतं.
पावसात कान लावला तर ऐकू येतं,
खांब आवंढा गिळतो.
ही युक्ती ज्याला सुचली त्याचं नाव कुठंच नाही.
ओतशाळेचं आहे, प्रत्येक पायथ्याशी,
पण रंगावर रंग बसून अक्षरं सुजलीत,
आता ती वाचायची नाहीत, चाचपायची.

इमारत संरक्षित.
म्हणजे खिळा ठोकायचा तर अर्ज,
उपटायचा तरी अर्ज.
लाकडी झालरीचा एक दात दोन हिवाळ्यांपूर्वी पडला,
तो तिकीटघराच्या कपाटात
चिठ्ठी बांधून ठेवलाय,
लेकराचा दुधाचा दात ठेवावा तसा.
कपाटही संरक्षित.

थिर्झा ऑल्डरसन मंगळवारी आली.
गुडघ्याखाली रबरी चटई, हातात शस्त्रक्रियेची सुरी.
तिला विचारलेला प्रश्न एवढाच:
मूळ रंग कोणता?
नाण्याएवढी जागा धरून ती तासत जाते,
पापुद्र्याखाली पापुद्रा.
हिरवा, अलीकडचा.
त्याखाली निळसर राखाडी, सरकारी,
कुणालाच न आवडलेला.
मग सायीचा. मग मरून.
मग गुडघ्याच्या उंचीवर नुसता एक पांढरा पट्टा:
युद्धात दिवे मालवलेले असताना
माणसं खांबावर आपटू नयेत म्हणून.
आणि सगळ्यात तळाशी, बिडाला धरून,
कडक चहाचा तपकिरी.
समितीला हिरवा निघायला हवा होता.

सहाव्या खांबाशी सुरी अडते.
छातीच्या उंचीवर
इथं सायीखाली पुन्हा साय,
आणि दोहोंच्या मध्ये तंतू.
भिंगातून पाहते: कागद.
एका कडेला काळ्या शाईचं अर्धं अक्षर.

"कागदच तो," बाकावरून नॉर्मन ब्लेनकिन म्हणतो.
ब्याऐंशीचा आहे, थर्मास घेऊन रोज येतो,
तिनं काही चुकवू नये म्हणून.
"स्टेशन बंद करायची नोटीस. तारखेसकट.
मी एकवीस वर्षांचा, हातात डबा नि ब्रश.
फोरमन म्हणाला, चौदाच्या चौदा रंगव.
मी म्हटलं, या खांबावर नोटीस आहे.
तो म्हणाला, तुला रंगवायला आणलंय,
वाचायला नाही.
मग रंगवली.
दोन हात दिले. एका हातात तारीख दिसत होती."

त्यानं काही स्टेशन वाचलं नाही.
वाचलं ते पलीकडच्या घाटात बर्फ साचतं म्हणून,
आणि शाळेतल्या मिस पायबसनं
अकरा महिने दर सोमवारी पत्र लिहिलं म्हणून.
ब्लेनकिनला ठाऊक आहे ते.
मिस पायबसच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

थिर्झा तक्ता भरते.
थर: सहावा. द्रव्य: कागद, खळ.
हेतू, असा एक रकाना आहे,
तिथं पेन थोडं थांबतं,
मग ती लिहिते, "रंगकाम".
नियमानं आता हा कागदही इमारतीचा भाग.
बंद करायचा तो हुकूम
परवानगीशिवाय कुणाला काढता येणार नाही.
ती हे मोठ्यानं वाचून दाखवते.
ब्लेनकिन झाकणातला चहा संपवतो,
झाकण झटकतो, म्हणतो,
"सायीचा रंग जरा पातळच झाला होता तेव्हा."

उघडी जागा ती पुन्हा बुजवते, बोटानं,
वरून हिरव्याचा एक पुसट हात.
चार-दहाची येते, दोन डब्यांची.
एक मुलगा सायकल उतरवतो,
बुटाची नाडी बांधायला जागा शोधतो,
सायकल सहाव्या खांबाला टेकवायला जातो.

"तिथं नको," दोघं एकदमच म्हणतात,
"ओला आहे."