हरकत क्रमांक ४११७

सूचना लागली त्या दिवसापासून तीस दिवस
सगळं टपाल माझ्या टेबलावर येतं.
आराखडा २०६०, वसईपासून पेणपर्यंत.
पिवळं म्हणजे राहणं, जांभळं म्हणजे कारखाने,
हिरवं म्हणजे काय ते अजून ठरायचंय.
समुद्र पांढराच ठेवलाय,
तो आपल्या हद्दीत येत नाही म्हणून.

मी शिक्का मारतो, क्रमांक देतो,
रकाने भरतो: नाव, गाव, म्हणणं, अभिप्राय.
अभिप्राय माझा नसतो.

गिरगावातून मुख्याध्यापिका केळुसकर लिहितात:
यंदा पहिलीत नऊ मुलं आहेत,
शाळेसाठी आणखी भूखंड राखू नका.
म्हाताऱ्यांना दुपारी बसायला एक गार खोली द्या.
गेल्या मे महिन्यात चौथ्या मजल्यावरचे दोघे गेले.
(मागे जोडलंय: दोघांची नावं, वयं, खोली क्रमांक.)

वसईचे बस्त्याव परेरा,
वीज कंपनीतून निवृत्त,
पेन्सिलीने काढलेला आलेख पाठवतात.
पूर्वी रात्री दोननंतर ही रेघ खाली यायची,
झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.
आता येत नाही.
हे शहर झोपत नाही असं लोक कौतुकानं म्हणतात.
साहेब, त्याला झोप लागत नाहीये.
तुम्ही वर्षाची सरासरी धरलीत.
सरासरीत कुणी घामाघूम होत नाही.

आणि विसाव्या दिवशी, वहीच्या चौकटीच्या पानावर,
जोमा भोईर, मिठागर, भांडुप पूर्व:

"तुमचे नकाशात निळी तुटक रेघ हाय.
सन २०६० ला पानी इथवर येल म्हनून.
ती रेघ माझे खोपटाचे मागं, भेंडीचे झाडावरशी जाते.
गेल्या भादव्याचे उधानाला पानी
झाडाचे पुढं येऊन चूल भिजवून गेला.
तरी रेघ पुसावी, नायतर साल बदलावा. ही इनंती."

रविवारी मी गेलो. जायचं नसतं आम्ही.
हायवे ओलांडला, बांधावरून चालत गेलो,
कुंड्यांत मीठ धरलं नव्हतं, नुसतं आभाळ साचलेलं.
म्हातारा काही बोलला नाही, झाड दाखवलं.
खोडावर कोयत्याच्या खुणा, एकीवर एक.
ही नातीच्या बारशाची.
ही मालकीण गेली त्या साली.
ही पंप आला तेव्हाची.
सर्वांत वरची माझ्या बरगडीला लागली.
खिशातला नकाशा मी काढलाच नाही.

सोमवारी टिपणीस मॅडमना सांगितलं.
त्यांनी पडद्यावर भांडुप मोठं केलं, आणखी मोठं केलं,
झाड काही दिसेना.
म्हणाल्या, रेघ आत घेतली तर पिवळं सरकतं,
पिवळं सरकलं की ऐंशी हजार माणसं उरतात,
ती मी कुठे ठेवू?
बदलापुरात? तिथली नदी पाहिलीत का?
माउसवर हात ठेवून त्या तशाच बसल्या.
चहा आला, निवला.
मग त्यांनी निळ्या रेघेवर क्लिक केलं
आणि फाइल जतन न करताच जेवायला गेल्या.

तिसावा दिवस. साडेपाचला खिडकी बंद.
चार हजारांच्या वर हरकती, सुतळीनं बांधलेल्या.
जोमाच्या कागदावरचं अक्षर त्याचं नाही,
खाली बारीक लिहिलंय: लिहिणार रेवती, इयत्ता चौथी.
आराखडा संपेल तेव्हा आम्ही कुणी नसू,
ना मी, ना जोमा, ना मॅडम या खुर्चीत.
ती चाळिशी ओलांडलेली असेल,
कुठल्यातरी रंगात राहत असेल.

नियम सांगतो, अर्जदार सज्ञान हवा.
नावाच्या रकान्यात मी आधी तिचं नाव लिहिलं,
मग आजोबांचं,
गाव: भांडुप, भेंडीच्या झाडाजवळ.
अभिप्रायाची जागा कोरी सोडली
आणि शिक्का मारला, जरा जोरातच,
खालच्या दोन कागदांवर उमटेल इतका.