लाईट गेल्यावरची बोली

सावद्याला लाईट जाते तेव्हा
आधी पंखा थांबतो, मग शेजारचा टीव्ही,
मग माझ्या पोरीचं बोलणं.

हर्षाली हातांनी बोलते.
अंधार पडला की तिचं वाक्य
पाटीवरून कुणी बाहीने पुसावं तसं जायचं.
मग ती चाचपडत माझं मनगट शोधायची
आणि तळहातावर बोट आपटत राहायची.
त्यात शब्द नसायचा, नुसती चीड.

मी मोटारी भरणारा माणूस.
तांब्याची तार, कागद, व्हार्निश, एवढंच माझं शास्त्र.
जळगावहून शंभर ग्रॅम पावडर आणली,
दिसायला ज्वारीचं पीठ, किंचित पिवळं,
चिमटीत धरली तर वाळू.
दुकानदार म्हणाला, पाणी लावू नका, मरते.
लोखंडी चमचा नको, काळी पडते.
म्हणून भरीत घोटायचा लाकडी दांडा उचलला.
रत्नमाला आठवडाभर बोलली नाही,
तीही, तोंडाने.

पहिल्यांदा दुकानातल्या व्हार्निशमध्ये कालवली.
लालसर व्हार्निशने सगळा उजेड गिळला,
वर ढेकरही दिला नाही.
मग रेझिन. चमकलं झकास,
पण बँडवाल्याकडून आणलेला पांढरा हातमोजा
सकाळी लाकूड झाला होता.
त्या हाताला एकच शब्द बोलता यायचा:
थांब.

थांबलो नाही.
खिडकीच्या काचेला लावतात ते पारदर्शक सिलिकॉन,
त्यात पावडर,
आणि प्रत्येक बोटावर हाडाहाडाने रेघ.
नुसती टोकं रंगवली तर बोलणं तोतरं होतं,
हे तिनेच सांगितलं, भर दुपारी, वैतागून.

मे महिना. शेचाळीस अंश.
धाब्यावर बिबडे वाळत होते,
त्यांच्या रांगेत दोन जोड हातमोजे,
एक तिचा, एक माझा, उताणे.
या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्याच दिल्या.
ते घडी करून घरात आणता येतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री साडेनऊला लाईट गेली.
मी पहिल्यांदाच म्हणालो, बरं झालं.
अंधारात दहा हिरव्या रेघा उठल्या,
जुळल्या, फिरल्या, म्हणाल्या:
तुझे हात बेडकासारखे दिसतात.

गल्लीतून कुणीतरी ओरडलं,
"काय रे भो, पोरीचे हात पेटले का काय?"
हर्षालीला ते ऐकू आलं नाही.
मी सांगितलं. ती हसली असावी,
कारण रेघा थरथरल्या.

एक अडचण मात्र राहिली होती.
आमच्या बोलीत प्रश्न भुवया विचारतात.
भुवया दिसेनात, तर तिचे सगळे प्रश्न
हुकूम होऊन यायचे.
तू जेवला.
उद्या शाळा आहे.
मी मोठी झाल्यावर तू असशील.
मी आपला मान डोलवायचो, काळोखात.

तिसऱ्या रात्री तिनेच तोड काढली.
आईच्या टिकल्यांचं पाकीट, उरलेली पावडर,
आणि दोन्ही भुवयांवर एकेक ठिपका.
ठिपके वर गेले, तिथेच अडून राहिले.
तेव्हा मला कळलं,
ते शेवटचं वाक्य प्रश्न होता.
उत्तर द्यायला मी हातमोजे घातले
आणि बराच वेळ
कुठल्या बोटापासून सुरू करावं ते सुचेना.

पहिल्या तासाभरात ती भांडल्यासारखी बोलते, लखलखीत.
मग रेघा फिकट होत जातात.
दोनच्या सुमाराला डोळे ताणावे लागतात,
जवळ सरकावं लागतं.
माझ्या पोरीला कुजबुजता येतं
हे मला बारा वर्षांनी समजलं.

आणि रुसली की
ती दोन्ही हात गोधडीत खुपसते.
विषय बंद.
पण गोधडी जुनी आहे, टाके उसवलेले;
कूस बदलताना एखाद्या फटीतून
हिरवं काहीतरी
पुटपुटत राहतं.