खळं

ओरोसच्या लॅबमध्ये सकाळी पावणेनऊला
इन्क्युबेटरचं दार उघडते.
उबट वास. बशीभर फिकट जेली,
तिच्यावर रात्रीत धरलेली जंतूंची दाट साय,
सायीवर सहा कागदी टिकल्या,
एकेकीत एकेक औषध.

औषध चाललं तर टिकलीभोवती
स्वच्छ गोल उमटतो.
पुस्तकं त्याला काही म्हणोत,
मी खळं म्हणते.
चंद्राला पडतं ते,
आणि देवबागला आमच्या घरापुढचं,
शेणानं सारवलेलं, जिथं गवताला मज्जाव.

आज पट्टी घेऊन मोजायला बसले
तर चार टिकल्यांना खळंच नाही.
गवत थेट उंबऱ्याशी.

नमुना एकशे सत्तेचाळीस.
पुरुष, वय बत्तीस, अमरावती.
स्नॉर्केलिंगच्या दुसऱ्या दिवसापासून जुलाब.
मुक्कामाच्या रकान्यात घराचं नाव वाचलं.
पट्टी खाली ठेवली.

आमचंच.
पाहुण्यांच्या दोन खोल्या, मागे विहीर,
विहिरीपासून बारा पावलांवर खड्डा,
आणि खाली सगळी वाळू,
जी कुणाचंच काही अडवून धरत नाही.

फडताळात बिस्किटांचा डबा आहे.
त्यात कात्रीनं कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या,
नावाचा अर्धा भाग गेलेल्या.
मेतर केमिस्ट चिठ्ठी मागत नाही,
‘पाव्हण्यांका होये’ एवढं पुरतं.
सकाळी दोन दिल्या की
माणूस दुपारी सुरमईला तयार.
‘बरा वाटला मां? मग पुरे.
उरलेले ऱ्हवांदेत, दुसऱ्याक होतीत.’

आईचं चुकतंय म्हणू तर
दिवाळीच्या सुट्टीत डबा मीच पुढे केला होता,
पुण्याच्या त्या मुलीसाठी.
एवढी शिकलेली मी.
बस चुकेल म्हणून रडत होती ती.

त्यातले मेले ते मेले.
उरले तेही ठेवलेच गेले,
दुसऱ्याला होतील म्हणून.
अमरावतीचा माणूस उद्या गाडीत बसेल.
त्याच्या पोटातलं देवबाग
वर्धा नदीला जाऊन मिळेल.

रजिस्टरमध्ये ‘आर’ लिहिते.
खाली ‘आर’. खाली ‘आर’. खाली ‘आर’.
मग घरी फोन लावते,
पाणी उकळ म्हणायला.
तिकडून पंपाचा आवाज, आणि आई :
‘पाव्हणो बरो आसा मां?
माझाच पोट कालपासून जरा...
काय नाय गो, घेतलंय दोन गोळये.’

पाचव्या टिकलीचं खळं
मोजायचं राहिलंय.
लहानसं आहे. पण आहे.
पट्टी कुठे ठेवली मी.