काटा

धावपट्टी म्हणजे नदीकाठची लांबट मोकळी जागा, एवढंच.
शेवटाला वाळुंजांची झुडपं, पलीकडे गोठलेली कुस्कोक्विम.
आदल्या संध्याकाळी मी स्नोमोबाइलवर सात फेऱ्या मारते,
बर्फ दाबून ठेवते. पुढचं काम थंडीचं.
त्या रात्री थंडी आलीच नाही.
दक्षिणेचा कोमट वारा आला,
आणि सकाळी पट्टीभर ओल्या मिठासारखा बर्फ.

आयव्हरने टाच रोवून पाहिली.
टाच बुडाली.
बराच वेळ तो बुटाकडेच बघत राहिला. मग म्हणाला,
"जमेल, थेक्ला."
हा शब्द त्याने चौदा हिवाळे वापरला होता,
कुठे शिवण उसवली नव्हती.

मी शिडी लावली, खराटा घेतला.
डावा पंख झाडून लख्ख केला.
उजव्यावर रात्रीचं ओलं बर्फ धरून बसलेलं,
मांजराच्या जिभेसारखं खरखरीत,
घासून निघेना.
"राहू दे. वाऱ्याने उडेल."
मी शिडी उतरले.

तोवर गाव जमलं होतं.
वासिलीच्या मुलीला शहरात मूसचं मांस,
शाळेचा बिघडलेला पंप,
येफीमकडचे वाळवलेल्या साल्मनचे दोन गठ्ठे,
कुणाचे हातमोजे, कुणाची पत्रं.
याला काय वजन, एवढंसं तर आहे.
आयव्हरला नाही म्हणता यायचं नाही.
मीही मागच्या सीटखाली एक बरणी सरकवली.

इंजिन ओरडलं.
स्की रुतत, सुटत, पुन्हा रुतत निघाल्या.
मी मनात मोजत होते.
एरवी बाराला विमानाखाली उजेड दिसतो.
पंधरा.
अठरा.
एकोणिसाला ते उठलं, पुरुषभर उंच,
आणि झोपेतल्या माणसाने कूस बदलावी
तसं उजवीकडे वळलं.

आयव्हर जिवंत निघाला.
मांडीत पाय मोडलेला, दाढीला पेट्रोलचा वास.
शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं,
"वासिलीचं मांस सापडलं का?"

तिसऱ्या दिवशी शहरातून चौकशीला एक बाई आली.
तिने काटा मागितला.
दुकानातला मासे तोलायचा काटा आम्ही स्प्रूसच्या फांदीला टांगला.
आकड्याला एकेक वस्तू अडकवायची,
पाउंड मोठ्याने वाचायचे, तिने वहीत उतरवायचे.
ज्याचं बोचकं तो पुढे यायचा,
काट्याकडे बघायचा,
मागे सरकायचा.
येफीम तर घरीच निघून गेला.

बरणी फुटली होती.
बर्फावर नारिंगी डाग.
"हे काय?"
"बेऱ्या."
"किती होत्या?"
मी खांदे उडवले. वहीत ती ओळ कोरी राहिली.

उजव्या पंखाचं विचारलं तेव्हा मात्र सांगितलं,
शिडी कुठे होती, खराटा कुणाच्या हातात,
किती भाग झाडायचा राहिला, हात पसरून दाखवलं.
'राहू दे' कोण म्हणालं
ते सांगितलं नाही.

बाई गेली त्या रात्री थंडी आली,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी, जोरजोरात दार वाजवत.
सकाळी पट्टी दगड झालेली. टाच मारली तर ठणकली.
दोन स्कींच्या खुणा तशाच गोठलेल्या,
वाळुंजांच्या अलीकडे एकदम संपणाऱ्या.
तिथून पुढे कोल्ह्याची पावलं,
हलकी, जेमतेम उमटलेली,
काचा चुकवून गेलेली.

नारिंगी डाग
त्याने चाटून साफ केला होता.