हजेरी

जालना, एमआयडीसी, रात्रीचे सव्वादोन.
रोलिंग मिल थांबलीय माझ्यासाठी.
माझ्यामुळे, असं शिफ्ट इन्चार्ज डोंगरदिवे
तोंडानं म्हणत नाहीत.
ते घड्याळाकडे बघतात, मग सळयांकडे,
मग माझ्या लॅपटॉपकडे.

पडद्यावर ड्रायव्हरची खिडकी उघडी.
पोर्ट सात. वेग एकोणीस हजार दोनशे.
पॅरिटी सम. स्टॉप बिट एक.
कागदावर होतं तसं सगळं भरलंय
लग्नाच्या बायोडाटासारखं, एक रकाना रिकामा नाही,
तरी पलीकडून होकार येत नाही.

एक ते सोळा बोलतात.
सतराव्यापाशी लाल फुली.
वाट बघायचा वेळ पाचशे मिलिसेकंदांचा दोन हजार केला,
पुन्हा विचारायचं तीनदाऐवजी पाचदा,
केबलचं टोक सोडवून पुसलं
(लोखंडाची काळी भुकटी इथं मिठासारखी सगळ्यात असते),
अधिक-उणे उलट लावून पाहिलं,
परत सुलट.
सतरा गप्प नव्हता, हेच विचित्र.
काहीतरी येत होतं, पण त्यात शब्द नव्हते,
नुसता कालवा.

पॅनलच्या दारात उकिडवे बसलेले निवृत्ती खरात,
कानामागं टेस्टर.
आयटीआय नाही, डिप्लोमा नाही,
एकोणतीस वर्षं मात्र ह्याच शेडमध्ये.
म्हणाले, "मॅडम, ते मुकं नाही.
त्या जागंवर दोघं बसलेत."

मंठ्याची शाळा. पाचवी ब.
वडील वायरमन; बदली आली की आम्ही ट्रंक उचलायचो.
नव्या वर्गात गुरुजींनी पुकारलं, मीनाक्षी घुगे,
आणि दोन आवाज एकदम: हजर.
गुरुजींनी चष्मा वर केला.
पुन्हा पुकारलं. पुन्हा दोन.
हजरवर हजर आदळून
काहीच ऐकू येईना, वर्ग खिदळला.
गुरुजींनी विचार केला तो फक्त
टाकातली शाई टिपायला लागतो तेवढा वेळ.
आधीची ती मीनाक्षी.
मी मीना.
दाखल्यावर तेच उतरलं, मग सनदेवर,
मग ह्या ओळखपत्रावर, जे आत्ता वाकलं की
कीबोर्डवर आपटतंय.

कूलिंग बेडला मागच्या महिन्यात नवा कंट्रोलर बसला.
बसवणाऱ्यानं जुन्याच्या सेटिंग
जशाच्या तशा उतरवल्या, पत्त्यासकट,
आणि शेवटची गाडी धरायला निघून गेला.
तेव्हापासून सतरा म्हणून हाक गेली की
दोघंही धावतात.

"नव्याचा बदला," डोंगरदिवे म्हणाले,
"जुन्याला कशाला हात लावता?"
बरोबरच होतं.
जुन्याचा सतरा अलार्मच्या यादीत, छापील नकाशात,
स्क्रीनवर चाळीस ठिकाणी.
नव्याला कोण ओळखतं?
तरी मी बटणावर बोट ठेवून थांबले जराशी.
खरातांनी बघितलं असावं. बोलले नाहीत.

मग अठरा.
पॉवर बंद, दहा मोजून चालू.
ड्रायव्हरमध्ये एक ओळ वाढवली, जतन केलं, पुन्हा शोध लावला.
पंधरा, सोळा,
सतरा हिरवा,
अठरा यायला जरा वेळ लागला.
आला.

पॅनलच्या दारावर आतून मार्करनं लिहिलं:
१८, कूलिंग बेड. आधी १७ होता.
"आधीचं कशाला लिवायलाव?" खरात म्हणाले,
"उगं पुढचा घोटाळ्यात पडंल."
"राहू द्या."

सायरन झाला. स्टँड फिरू लागले.
पहिली लाल सळई आली, बेडवर पडली, सरकली,
दुसरीला जागा झाली.
पडद्यावर एक ते अठरा,
एकाला एक वेळ,
कुणी कुणाच्या हाकेत ओ देत नव्हतं.

डोंगरदिव्यांनी वही पुढं केली, थांब्याचं कारण लिहा म्हणाले.
रकाना बोटभर होता.
मी लिहिलं: पत्ता.

चहा आला. वर एक काळा कण तरंगत होता.
बोटानं काढला, प्यायले.