ओठांची बोली

बर्नलीच्या इस्पितळात, स्वरयंत्र काढून टाकल्यावर
हिल्डा ऑर्मरॉडला त्यांनी एक पाटी दिली:
पाण्याचा पेला, खाट, रडका चेहरा,
हो, नाही.
नुसतं बोट ठेवायचं.

तिनं पाटीवर चहाचा कप ठेवला.

पंधराव्या वर्षी ती गिरणीत लागली तेव्हा
तीनशे माग एकदम धडधडायचे,
कानाशी ओरडलं तरी फुकट.
म्हणून बाया ओठांनी बोलायच्या, आवाजाविना,
एकेक शब्द तोंडभर ताणून:
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा पितो,
मुकादम येतोय, सांभाळ.
शिव्यासुद्धा. शिव्या तर फारच सुबक.

गिरणीच्या जागी आता गालिच्यांचं दुकान आहे.

रविवारी एल्सी पिकप आली काठी टेकत,
भेटीची वेळ टळून गेल्यावर.
नर्सनं दार लावून घेतलं होतं.
पण दाराला काच होती.
पलीकडून एल्सीचे ओठ हलले,
अलीकडून हिल्डाचे.
चांगली वीस मिनिटं.
मध्येच हिल्डानं डॉक्टरच्या पाठीकडे भुवई उडवली
आणि दोघी इतक्या हसल्या
की गळ्यातली नळी शिट्टीसारखी वाजली.

मी पायथ्याशी उभा. तिचा मुलगा.
घरी जेवतानाही ती असंच
तोंड वेडंवाकडं करून बोलायची,
मित्रांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.
मान खाली घालून मी बटाटे मोजायचो.
शिकलो नाही.

ती आता माझ्याकडे वळून काहीतरी सांगतेय,
सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं.

पाटी माझ्या हातात आहे.
पाणी, खाट, रडका चेहरा.
बोट कशावर ठेवू?