नांगराविना साखळी

साखळी जहाजाची आहे.
एकेक कडी माझ्या मांडीएवढी.
नांगर कुठल्या बंदरात राहिला, देव जाणे;
समुद्र नसलेल्या या पराग्वेत
ती नदीतून आली, मग ट्रकवर चढली,
आणि नांगर नसतानाच तिने
अख्खा चाको नांगरून काढला.

एका टोकाला माझा बुलडोझर,
दुसऱ्याला सेफेरिनोचा,
मध्ये शंभर पावलं रान.
तो मला दिसत नाही, मी त्याला दिसत नाही.
साखळी ताणली की कळतं, आहे.
सैल पडली की समजायचं,
गडी लघवीला उतरलाय.
सहा वर्षांची आमची दोस्ती ही अशी.

केब्राचो म्हणजे कुऱ्हाड मोडणारं झाड.
मोडायचं ते कुऱ्हाडीला; साखळीला
त्याचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं.
ते तुटत नाही, उपटून येतं,
ढेकळांसकट,
आणि ढोलीतल्या मधमाश्या
बराच वेळ हवेत तिथेच घोंगावतात
जिथे त्यांचं दार होतं.

एक हेक्टर, एक गाय.
मुकादम ओविदियो हे असं म्हणतो,
जसं एक माणूस, एक खुर्ची.
माझ्या हिशेबात एक हेक्टर म्हणजे
थर्मासमधलं गार तेरेरे संपेपर्यंतचा वेळ.
कधीकधी तेवढाही नाही.

तर रविवारी मेव्हण्याकडे.
जाळीवर बरगड्या, चरबी टपटपतेय,
खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं.
कोळसा कसला, सहज विचारलं.
केब्राचोचा, तो म्हणाला, अजून कसला?
म्हणजे खाली झाड,
वर त्याच्या जागी आलेली गाय,
आणि ताट धरून उभा मी,
जणू दोघांची ओळख करून द्यायला
मलाच बोलावलंय.

बरगडी परत ठेवली.
"आजारी आहेस?"
"नाही."
"मग? पाच दिवस रान आडवं करतोस
आणि रविवारी गाईची दया येते होय?"
सहा दिवस रे, मी म्हटलं, शनिवार धरून.
सगळे हसले. मीही.
त्याचं चुकलं काय?

दया वगैरे नाही. गाईवर राग तर मुळीच नाही,
ती बिचारी गवत दाखवलं तिकडे आली.
मला त्या घासात फक्त डिझेल लागलं.

तेव्हापासून घेवड्याचं कालवण, उकडलेला मांदिओका,
मक्याची वडी. देओलिंदा आदळआपट करते,
उद्या चारा मागशील म्हणते,
आणि कालवणात कांदा मात्र जास्त घालते,
मला आवडतो म्हणून.
घेवडा येतो त्याच साखळीच्या पगारातून.
हे मला कळतं. पत्र्याच्या घराचे अजून
अकरा हप्ते आहेत, हेही कळतं.

गेल्या आठवड्यात जुन्या तुकड्यावर गेलो होतो,
पहिल्या वर्षी पाडलेल्या.
गवत विरळ. जमिनीवर पांढरं काहीतरी फुललेलं.
वाटलं दंव; पण भर दुपारी?
मीठ आहे ते, ओविदियो म्हणाला.
झाडं होती तोवर मुळं खालचं खारं पाणी
वर येऊ देत नव्हती.
गाई चाटत होत्या.
मी बोट टेकवून जिभेला लावलं.

साखळीतून एवढं सांगता येत नाही,
म्हणून इंजिन बंद केलं,
आडव्या खोडांवरून चालत
सेफेरिनोपर्यंत गेलो.
म्हटलं, समुद्र येतोय रे. खालून.
त्याने टोपी मागे सारली,
माझ्याकडे, मग साखळीकडे पाहिलं.
म्हणाला, मग नांगर मागवून ठेव.